शिंपिणीचा नमुना

१

मी लिहिलं? मी? त्या टाचणीला म्हणावं, आधी माझी हजेरीवरची सही बघ आणि मग तोंड उघड. मुंगळा शाईत पडून कागदावर रांगत गेला तर तो माझ्यापेक्षा बरं लिहील. आणि म्हणे मी त्या मेलेल्या बाईचं अक्षर काढून तिच्या बापाला मदत करतोय! अक्कल गहाण टाकून बोलायचं म्हणजे किती?

नाही मॅडम, मी बसत नाही. बसलो की माझा आवाज कमी होतो. आणि 'मामा, हळू बोला' असंही म्हणू नका. तो हेडक्लार्क तुमच्याकडे येऊन काय ओकून गेला ते मला ठाऊक आहे. शिक्क्याचे कागद कमी भरले, अक्षराचे नमुने घेतो त्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून चोर मी. त्याला आम्ही टाचणी उगाच म्हणत नाही. दिसायला बारीक, पण टोचल्याशिवाय एक दिवस जात नाही. तो जेवायला गेलाय म्हणून मी आत्ता बोलतोय असं समजू नका. तो इथं असता तर याहून मोठ्यानं बोललो असतो.

आणि हो, कागद माझ्याकडेच आहेत. हे बघा, शर्टाच्या आत. ठेवतो टेबलावर. हात नका लावू अजून, आधी ऐका. तुम्ही साक्षीसाठी परगावी होता, तेवढ्यात इथं जे झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. उद्या सकाळच्या टपालानं तुमचा त्या मेलेल्या शिंपिणीचा अहवाल जायचाय. खाली तुम्ही लिहून ठेवलंय, 'नमुना अपुरा, मत देता येत नाही'. तो एकदा इथून गेला की तिचं कुणी काही करू शकत नाही. म्हणून आत्ता ऐका.

२

माझं काम तुम्हाला काय सांगायचं. पण त्यानं माझ्या कामातच खोट काढलीय, म्हणून सांगतो.

फौजदाराकडून पुडकं येतं. लाख तुमच्यासमोर फोडायची. कागद चिमट्यानं काढायचे आणि ट्रेत लावायचे. ज्याच्यावरून भांडण, तो लाल ट्रेत. माणसानं आधी कधीतरी आपल्या कामासाठी, आपल्या मनानं लिहिलेलं, ते पांढऱ्यात. आणि इथं खोलीत समोर बसवून, मजकूर सांगून लिहून घेतलेलं, ते निळ्यात. संपलं. मला अडखळत वाचता येतं, पण या कामाला तेवढं पुरतं. कागद कुठून आला हे कळलं की तो कुठं ठेवायचा ते कळतं. चुकलं तर तुम्ही ओरडता, ते बरोबरच आहे.

शिंपिणीच्या पुडक्यातून लाल ट्रेला एकच चिठ्ठी निघाली. 'माझ्या मरणाला कोणालाही जबाबदार धरू नये. मी माझ्या मर्जीने जाते आहे.' उशीखाली सापडली म्हणे. नवरा म्हणतो, तिनंच लिहिली. बाप म्हणतो, शक्य नाही. पांढऱ्या ट्रेला तिच्या मापाच्या चिठ्ठ्या, मूठभर. छाती, कंबर, बाही आणि पुढं आकडे. निळ्यात नवऱ्याचे कागद, तो इथं येऊन लिहून गेला ते.

काय गोड माणूस, मॅडम! मला म्हणाला, 'काका, जरा पाणी मिळेल का? तुम्हाला त्रास नको.' आणि लिहायला बसला तर दुकानाची पाटी रंगवावी तसं एकेक अक्षर. तुम्ही तेव्हाच म्हणालात, हा आपला हात लपवतोय. पण लपवतोय एवढंच सांगता येतं, काय लपवतोय ते नाही.

आणि निळ्या ट्रेत तिचा स्वतःचा कागद नव्हता. कसा असेल? मेलेलं माणूस समोर कसं बसवायचं?

तुम्ही बापाला समजावत होता तेव्हा मी दाराशी उभा होतो. शब्दाशी शब्द जुळवून बघावा लागतो, बाबा. चिठ्ठीत सगळी वाक्यं, आणि हिच्या मापांत सगळे आकडे. तिनं लिहिलेलं आणखी काही असेल तर आणा. असं म्हणालात आणि तुम्ही गेलात साक्षीला. म्हातारा राहिला माझ्या गळ्यात.

३

रोज यायचा. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा, पायाशी कापडाची पिशवी. पिशवीतून काढलं की पुन्हा मापंच. खांदा, उंची, घेर. एकदा लहान बाळाचं झबलं घेऊन आला. 'बघा, टाके कसे एकासारखा एक आहेत. तिच्या हाताचे आहेत. याच्यावरून नाही का कळणार?'

मी म्हटलं, 'बाबा, टाक्यांवर मत द्यायची मशीन अजून आमच्याकडे आलेली नाही.'

हसला हो तो. मला वाटलं चिडेल, तर हसला आणि झबल्याची घडी घालत बसला.

'शाळेच्या वह्या नाहीत का?'

'होत्या. रद्दीत घातल्या. पुढं लागतील असं कुठं वाटलं होतं?'

त्या दिवशी टाचणीनं सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. त्यात म्हातारा म्हणाला, 'जावयाला बोलावलंत, त्याला समोर बसवून लिहून घेतलंत. तिलाही बोलवा की. ती लिहील. सांगितलेलं ऐकणारी पोर आहे.'

माझं टाळकं सरकलं. हा माझी टर उडवतोय की याचंच डोकं फिरलंय, काही कळेना. म्हटलं, 'बोलावू? बोलावतोच!' तसाच उठलो. नमुन्याच्या खोलीचं दार सताड उघडलं, टेबलावर शिक्क्याचा कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि दारात उभं राहून, जशी सगळ्यांना मारतो तशी, तिच्या पूर्ण नावानं हाक मारली. 'आत या, बसा,' म्हटलं. हाक शेवटच्या खोलीपर्यंत गेली असेल.

वाटलं, आता हा रडणार. रडला नाही. त्यानं पिशवी पायाजवळून उचलून मांडीवर घेतली. पाय आत ओढले. आणि बाकावर जरासा सरकला, पुढून कोणी जात असेल तर वाट द्यावी तसा.

मग मला म्हणाला, 'उपकार झाले.'

मी दाराला कुलूप घातलं आणि त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

४

दुपारी मी त्याच दाराबाहेर स्टुलावर डबा खात होतो. आतून पेनाचा आवाज आला.

मॅडम, माझी उमर गेली त्या दाराबाहेर. आतला माणूस बघून लिहितोय की ऐकून लिहितोय, हे मला बाहेर बसून कळतं. बघून लिहिणाऱ्याचं पेन चालतच राहतं. ऐकून लिहिणारा थांबतो. पुढचा शब्द येईपर्यंत थांबतो, मग चालतो. आतलं पेन असंच थांबत थांबत चाललं होतं.

पण शब्द सांगत कोण होतं? आवाज तर एकच होता, पेनाचा.

उंदीर असणार, म्हटलं. कागद कुरतडतोय. डबा स्टुलावर ठेवला आणि कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. खिडकीला गज आहेत, तुम्हाला माहीत आहे. खुर्ची मागं ओढलेली होती. आणि कागद भरलेला होता.

चिठ्ठीचाच मजकूर. पुन्हा पुन्हा, एकाखाली एक, जसा आपण घेतो तसा. वर कोपऱ्यात 'उजव्या हाताने'. खाली उजवीकडे लिहिणाऱ्याची सही. आणि डावीकडे समोर बसलेल्या साहेबाची सही असते ना, ती जागा कोरी. नीट मोजूनमापून मोकळी सोडलेली.

मी काय केलं असेल? सरळ गेलो आणि टाचणीची कॉलर धरली.

'अरे, वेड लागलं का तुला? सोड, बटण तुटेल!'

'मेलेल्या बाईची चेष्टा करतोस?'

'कसली चेष्टा? तो लाल ट्रे तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्या कमरेला. त्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही, शपथेवर सांगतो!'

ते खरं होतं. मी कॉलर सोडली. बटण तुटलंच होतं, ते उचलून त्याच्या हातात दिलं. त्याचाच राग आहे त्याला, कागदांचा नाही.

मग बापावर संशय घेतला. त्याला मजकूर तुम्ही वाचून दाखवला होता. पण तो म्हातारा मध्ये कुलूप असताना आत जाणार कसा? आणि त्याला स्वतःला लिहिता येत नाही, तुमच्या कागदावर अंगठा आहे त्याचा.

तो कागद हातात घेऊन मी ट्रेंपुढं उभा राहिलो. लालमध्ये घालता येईना, यावर भांडण नाही. पांढऱ्यात घालता येईना, हा तिनं आपल्या कामासाठी लिहिलेला नाही. निळ्यात घालायचा तर विचारणार, कोणासमोर लिहिला? कधी? ती गेल्याला किती दिवस झाले? एवढ्या वर्षांत असा कागद माझ्या हातात आला नव्हता. मग शर्टात घातला.

५

दुसऱ्या दिवशी तिथल्या खणातल्या शिक्क्याच्या कागदांतला आणखी एक भरलेला निघाला. 'डाव्या हाताने.' अक्षरं अशी, जसं पहिलीतलं पोर बाकावर वाकून लिहितंय. सही पण डाव्या हातानंच. मग एक 'भरभर'. मग एक 'उभे राहून', त्यातल्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेलेल्या.

आपण याच क्रमानं घेतो ना, मॅडम? कोणी सांगितलं तिला? मी तरी नाही सांगितलं. इथं येणारे लोक तक्रार करतात, हात दुखला म्हणतात, 'किती वेळा तेच तेच लिहायचं' म्हणतात. या कागदांवर कुठं घाई नाही, कुठं टाळाटाळ नाही. सांगितलेलं ऐकणारी पोर. आणि प्रत्येक कागदावर डावीकडची जागा कोरी.

घरी बायकोला सांगितलं. सांगणार नव्हतो, पण तिनं ताटावरच पकडलं. 'जेवताय की भिंतीशी बोलताय?' सगळं ऐकून घेतलं तिनं. भांडी घासत होती, हात थांबला नाही तिचा.

'तुम्ही हाक मारून आत बोलावलंत.'

'हो.'

'मग काम झालं, जा, असं म्हणालात का?'

'कोणाला म्हणू? कोण आहे तिथं?'

'बोलावताना कोण होतं?' मग म्हणाली, 'माणसाला बोलवायचं आणि बसवून ठेवायचं, ही तुमच्या ऑफिसांची जुनी खोड आहे. जिवंतांनाही तेच करता.'

मी चिडून अंथरुणावर जाऊन पडलो. पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. खोलीतलं पेन काढून घेतलं. टेबलाचा खण रिकामा केला, पेन्सिल, खोडरबर, सगळं. नुसता एक कोरा कागद ठेवला आणि कुलूप लावलं. म्हटलं, आता दाखव. बघू कशानं लिहितेस.

दुपारी आवाज आला. पेनाचा नव्हता. कापडावर नखानं खूण करतात ना, शिवायच्या आधी, तसा. थांबत थांबत.

कागद बघितला तर कोरा. जीव भांड्यात पडला. शिट्टी मारली मी, खरंच सांगतो. तो कागद फेकून देणार होतो. पण मी तुमच्यासाठी रोज दिवा धरतो. दाबाच्या खुणा बघायच्या असल्या की दिवा आडवा, कागदाच्या कडेला धरायचा असतो, हे मला कळतं. तुमच्या खोलीत जाऊन दिवा आडवा धरला.

पूर्ण कागद भरलेला होता. ओळीमागून ओळ. नुसत्या खाचा.

तो हा. सगळ्यात वरचा. अक्षर तिचं आहे की नाही ते मला कळत नाही, ते तुमचं काम. मला एवढंच कळलं की पेन काढून घेतलं तरी ती लिहिणं सोडत नाही.

६

आता आजचं सांगतो. आज म्हणजे आत्ताचं, तुमच्याकडे येण्याआधीचं.

बायकोचं ऐकायचं ठरवलं होतं. आत जायचं, 'झालं बाई, काम संपलं, जा' म्हणायचं आणि दार उघडं टाकायचं. टाचणी जेवायला गेला, तसा मी आत गेलो. वाक्य तोंडात तयार होतं.

पंखा चालू होता. मी लावला होता का, आठवत नाही. टेबलावर कागद होता आणि वाऱ्यानं त्याचे कोपरे फडफडत होते. एक सोडून. वरचा डावीकडचा कोपरा टेबलाला चिकटून होता, आणि तिथं कागद जरासा दबलेला होता. लिहिताना आपण दुसऱ्या हातानं कागद धरतो ना, तसा.

खिडकीतून ऊन आडवं येत होतं, म्हणून दिसलं. कागदावर खाच उमटत होती. 'माझ्या' झालं होतं. तिथं थांबली. खुर्ची करकरली, माणसानं मान वर केली की करकरते तशी.

मॅडम, माझ्या तोंडात 'जा' होतं. पण समोर कोणी पुढच्या शब्दासाठी थांबलेलं असताना 'जा' कसं म्हणणार? इतके दिवस तिला शब्द सांगायला कोणी आलं नव्हतं. आपलं आपणच थांबायचं, आपलं आपणच पुढं जायचं.

मी म्हटलं, 'मरणाला.'

खाच पुढं सरकली.

'कोणालाही,' म्हटलं. 'जबाबदार धरू नये.' सगळं सांगितलं, सावकाश, तुम्ही सांगता तसं. ती लिहीत गेली. 'मी माझ्या' पर्यंत आली. मी 'मर्जीने' म्हटलं आणि ती थांबली. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझाच आवाज फुटला, मॅडम. मग तिनं लिहिलं. नख इतकं दाबलं की कागद तिथं फाटला. फाटला तरी शब्द पूर्ण केला.

पुढचं 'जाते आहे' लिहिलं आणि मग सही केली. आणि कागद फिरला. टेबलावर सरकत गोल फिरला आणि डावीकडची कोरी जागा माझ्यासमोर आली.

फिरवताना कडेला एक बोट दिसलं. टोकाला सुईच्या टोचण्या, जुन्या, काळ्या पडलेल्या. ते बोट त्या कोऱ्या जागेवर टेकलं. इथं, असं.

मी वर बघितलं नाही. कोणी काही म्हणो, मी भित्रा नाही, टाचणीला विचारा. पण वर नाही बघितलं. तिचा चेहरा बघायचा तो तिच्या बापानं, मी कोण?

मी म्हटलं, 'बाई, मी शिपाई आहे. माझी सही चालत नाही. जिची चालते तिला आणतो. तोवर बसा.'

आणि पाठ न दाखवता बाहेर आलो. कुलूप नाही लावलं.

७

तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. कोर्टात विचारतील, नमुना कधी घेतला, कोणाचा घेतला, आणि तुम्ही काय सांगणार? मला नाही माहीत. नोकरीवर येईल म्हणाल, तर येईलही. मी काही तुम्हाला कायदा शिकवायला आलो नाही. तुमच्याइतकं नीट काम करणारं माणूस मी इथं दुसरं बघितलेलं नाही, म्हणून तर इथं येऊन ओरडतोय. बाकीच्यांवर ओरडून काय उपयोग?

असंही होईल की जुळवून बघाल आणि ती चिठ्ठी तिचीच निघेल. निघू दे. तसं लिहा. बापाला मी सांगेन, मी त्याचा हात धरून सांगेन. पण ती समोर येऊन बसलेली असताना 'नमुना अपुरा' असं कसं लिहाल? तिनं काय अपुरं ठेवलंय? उजव्या हातानं लिहिलं, डाव्या हातानं लिहिलं, उभं राहून लिहिलं, पेन काढून घेतलं तर नखानं लिहिलं. अपुरं आहे ते आपलं. समोरची खुर्ची आपली आहे, मॅडम, आणि ती रिकामी आहे.

ऐकू येतंय ना? नाही, पंखा नाही तो. खुर्ची आहे. वाट बघून माणूस जरा चुळबुळ करतं.

अहवाल पाकिटातून बाहेर काढा. तुमचं पेन घ्या. उठा, आत जा, तिच्यासमोर बसा, मजकूर सांगा आणि खाली सही करा.